आबा ओतेलिए

आबा कुणालाही नाव विचारत नसत. लोणावळ्याच्या स्टेशनाबाहेर, टांगे उभे राहत त्याच्या समोर, त्यांचं हॉटेल होतं. दारात पाऊल टाकलं की गल्ल्यामागून एकच प्रश्न येई, "कुटल्या गाडीनं आलात?" पुण्याकडून आलेली गाडी असली तर घाट उतरण्याआधी तिचे ब्रेक तपासायला काही मिनिटं जात. तेवढ्यात चहा आणि भजी होत. मुंबईकडून आलेला माणूस उतरून राहणार असला तर भात टाकायचा. आबांना एवढंच कळायला हवं असे. बाकीचं कळून घेण्याची त्यांना गरज वाटत नसे.

हे वाचून कुणी म्हणेल, यात काय मोठं? त्यानं आपल्या गावातली हॉटेलं आठवावीत. आपल्याकडे नाव विचारतात ते हाक मारण्यासाठी नव्हे. नावामागून आडनाव काढून घेतात, आडनावावरून जात, आणि जातीवरून कप. कपबशी द्यायची की बाहेर पन्हाळीखाली ठेवलेली करवंटी, ते नाव विचारण्यातच ठरतं. मी त्या वेळी एकवीस वर्षांचा होतो, तळेगावच्या एका छापखान्यात खिळे जुळवत होतो, आणि या करवंट्यांविरुद्ध पत्रकं काढण्यापलीकडे मला दुसरा उद्योग नव्हता. अजूनही फारसा नाही. म्हणून आधीच सांगून टाकतो, की मावळातल्या ज्या एका हॉटेलात करवंटी नव्हती, त्या हॉटेलाविरुद्ध मी दोन पत्रकं छापली. हे तिसरं समजा. ते दहा वर्षं उशिरा येत आहे.

दारावर काळ्या पत्र्याची पाटी होती आणि तीवर पांढऱ्या रंगात अक्षरं होती, "आबा, ओतेलिए". ती वाचून पुण्याचे लोक हसत. एकदा एका वकिलांनी माझ्यादेखत विचारलं, "काय हो, हे कुठल्या रोगावरचं औषध?" आबा शांतपणे म्हणाले, "भुकेवरचं. बसा." कुणी त्यांना हॉटेलमालक म्हटलं की मात्र त्यांना खपत नसे. म्हणत, "मालक म्हंजी ज्याचं हाये तो. ओतेलिए म्हंजी ज्याच्याकडं येत्यात तो. लय फरक हाये."

हा शब्द फ्रान्सातला. आबा बेडशाच्या एका शेतकरी घरातले, लेण्यांच्या डोंगराखाली जमीन. मागच्या महायुद्धात ते फ्रान्सला गेले ते लढायला नव्हे, तर सामानाची खेचरं हाकायला. "लोकांनी बंदुका उचलल्या, मी लीद उचलली," असं ते सांगत. तिथल्या एका लहान गावात त्यांनी अशी पाटी पाहिली आणि तिच्यावरचा शब्द उचलून आणला. फ्रेंच लोक हॉटेलाला 'ओतेल' म्हणतात, हॉटेल चालवणाऱ्याला 'ओतेलिए'. त्यातला 'ह' लिहितात, पण बोलत नाहीत. आबांना ती भाषा कधी परकी वाटली नाही. "त्ये बी ह खात्यात, आमी बी खातो," ते म्हणत. दुसरी एक गोष्ट ते नेहमी सांगत, पण तिच्याकडे मी लक्ष दिलं नाही. तिकडच्या शहरांतून गोरगरिबांचं जुनं इस्पितळ असतं, त्याचं नाव 'ओतेल द्यू', म्हणजे देवाचं हॉटेल. "हाटेल आन् इस्पितळ, तिकडं एकाच आईची लेकरं," आबा म्हणत, आणि ऐकणारा मान हलवून भजी उचले. मीही उचलली होती.

पुढे पुण्याच्या एका फ्रेंच शिकवणाऱ्या प्राध्यापकांना मी हे विचारलं. ते म्हणाले, तुमचे आबा बरोबर सांगत होते. लॅटिनमध्ये एक जुना शब्द आहे, त्याचा अर्थ पाहुणाही होतो आणि पाहुण्याला घरात घेणाराही होतो. त्याच्यापासून हॉटेल आलं, त्याच्यापासूनच आपण पोर्तुगिजांकडून घेतलेलं इस्पितळ आलं. खेचरं हाकणाऱ्या माणसानं ते कोशाशिवाय ओळखलं होतं. कसं ओळखलं, ते पुढे येईलच.

तर पत्रक. एके दिवशी दुपारी मी आबांच्या हॉटेलात चहा पीत होतो. हात धुवायला मागच्या अंगणात गेलो. तिथे भिंतीला एक वेगळी फळी होती आणि तीवर वेगळे कप होते, पांढरेच, पण काठाला निळी रेघ असलेले. समोरच्या कपांना रेघ नव्हती. मी बघत असतानाच मावशी, म्हणजे आबांची बायको, बाहेर आल्या. त्यांनी तसलाच एक उष्टा कप सांडशीत धरला आणि अंगणातल्या चुलीवरच्या उकळत्या पातेल्यात सोडला. हात लावला नाही. सांडशीही पाण्यात बुडवून काढली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. तोंडानं नाव विचारायचं नाही आणि मागच्या दारी वेगळे कप ठेवायचे. यापेक्षा उघड करवंटी ठेवणारा परवडला.

आत येऊन मी सगळ्यांसमोर विचारलं, "आबा, ते निळ्या काठाचे कप कुणासाठी आहेत?"

आबांचा चेहरा पडला. तेवढं मला पुरेसं वाटलं. ते म्हणाले, "पाव्हन्यांसाठी."

"मग आम्ही कोण?"

"तुमी बी पाव्हनेच."

"मग मला का नाही दिला?"

"तुमाला नगो त्यो," आबा म्हणाले. "देव करो आन् कदी न लागो."

मी उठलो आणि तळेगावला जाऊन रात्रीच्या आत पत्रक जुळवलं. मथळा होता, 'पाटी फ्रेंच, कप पेशवाई'. त्या मथळ्याचा मला फार अभिमान वाटला होता. आज तो लिहिताना हात आखडतो.

पत्रकानं काम केलं. इंजिनवाले पलीकडच्या हॉटेलात जाऊ लागले. करवंट्यांविरुद्ध काम करणारं आमचं एक मंडळ होतं, त्यातले चौघे जण मी आबांच्या दारात उभे केले, आत जाणाऱ्याला पत्रक द्यायला. दुसऱ्या दिवशी धोंडिबा आला. रेल्वेच्या लायनीवर गँगमध्ये काम करायचा, आंबीजवळच्या महारवाड्यातला. खांद्यावर हातोडा. मी त्याला पत्रक दिलं. त्यानं ते उलटं-सुलटं पाहिलं.

"काय लिवलंय?"

मी वाचून दाखवलं. धोंडिबानं ऐकून घेतलं, हातोडा दाराशी टेकवला आणि आत जाऊन बाकावर बसला. मावशींनी त्याला चहा दिला. पांढऱ्या कपात, रेघ नसलेल्या. तो आमच्याकडे तोंड करून, फुंकर मारत, सावकाश चहा प्याला. मग बाहेर आला.

"भाऊ, तुमी दारात कशापायी हुबे?"

"तुमच्यासाठीच उभे आहोत."

"आमाला इचारलंत का?"

उत्तर नसलं की माणूस उलटा प्रश्न विचारतो, तसा मी विचारला, "मग ते निळे कप कुणाचे?"

"आमाला म्हाईत न्हाई. आमी इचारलं बी न्हाई," धोंडिबा म्हणाला. "त्यानं आमाला कदी इचारलं का, तुमी कोन म्हून?" आणि हातोडा उचलून गेला.

शहाण्या माणसानं इथं थांबायला हवं होतं. मी दुसरं पत्रक काढलं. त्यात लिहिलं की निळे कप कुणाचे, हे आबांनी जाहीर करावं, नाहीतर पाटी उतरवावी. ते पत्रक मी स्वतः त्यांच्या हातात दिलं. हॉटेल रिकामं होतं. आबांनी ते बोटानं ओळीओळीनं वाचलं आणि म्हणाले, "ओतेलिए नीट लिवलंय. लोक चुकत्यात." बस. एवढंच.

मावशी मात्र चुलीपुढून उठल्या. पदराला हात पुसत माझ्यासमोर आल्या. "तुला कप कुनाचं त्ये बगायचंय न्हवं? चल. चपला काड, आन् जिन्यात तोंडाला फडकं लाव."

"अगं, नगो," आबा म्हणाले.

"तुमी गप ऱ्हावा. आट दीस गप ऱ्हायलात. काय मिळालं?"

मागच्या अंगणातून एक वेगळा लाकडी जिना वर जात होता. मी तो कधी पाहिला नव्हता. वर एक लांबट खोली होती. डोंगराच्या बाजूच्या सगळ्या खिडक्या उघड्या होत्या आणि थंड वारा आत येत होता. तीन खाटा. दोघं झोपलेली होती. तिसऱ्या खाटेवर, खिडकीशी, एक बाई उशीला टेकून बसल्या होत्या. पंचविशीच्या असतील. गालाची हाडं वर आलेली, डोळे फार मोठे. जवळच्या स्टुलावर निळ्या काठाचा कप होता. त्यांना खोकला आला, आणि तो काय आहे हे मला कुणी सांगावं लागलं नाही.

खंडाळ्याच्या हवेसाठी क्षयाची माणसं तेव्हाही येत, आजही येतात. आरोग्यभवनात खाट रिकामी होईपर्यंत त्यांनी राहायचं कुठं, याचा विचार कुणी करत नाही. बंगलेवाले दारातून परतवतात. धर्मशाळेत खोकला ऐकला की बिऱ्हाड बाहेर टाकतात. नातेवाईक स्टेशनावर सोडून पुढच्या गाडीनं परत जातात. असल्या माणसांना आबा मागच्या जिन्यानं वर नेत. खालच्या गिऱ्हाइकांत त्यांचा कप येत नसे, वर खालचा कप जात नसे. कायद्याच्या पुस्तकात हे बसत नव्हतं, आणि खालच्या गिऱ्हाइकांना कळलं असतं तर हॉटेल एका दिवसात ओस पडलं असतं, खाटा रस्त्यावर आल्या असत्या. म्हणून आबा गप्प होते. वेगळ्या कपाचा एक शब्दात खुलासा करता येत होता. तो शब्द उच्चारला की ही तीन माणसं बाहेर पडणार होती.

त्या बाई शाळेत मास्तरीण होत्या. त्यांच्या हातात माझं पहिलं पत्रक होतं. भज्यांबरोबर वर आलं असावं. त्या म्हणाल्या, "हे तुम्ही लिहिलंत?"

मी मान हलवली.

"चांगलं लिहिता. आता खरं काय ते छापणार असाल, तर आम्हाला एक दिवस आधी कळवा. सामान बांधायला वेळ लागतो."

टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच वेळ हवा होता. मी जिना उतरलो आणि खालच्या पायरीवर बसून राहिलो. आबा येऊन शेजारी बसले. त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत देतो.

"फ्रान्सात थंडीत मला ताप भरला. छातीत कळ, खोकला. छावनीचं इस्पितळ भरलेलं. मंग एका म्हातारीच्या हाटेलात टाकलं मला. तिचा नवरा मेलेला, पाटीवर त्याचंच नाव, ओतेलिए. ती मला वाडग्यात दूद द्यायची, निळ्या काठाच्या. बाकीच्यांची वाडगी साधी. आन् माजं वाडगं चिमट्यानं धरून उकळत्या पान्यात टाकायची. मी काय समजलो आसंल? मी मराठ्याचं पोर. आमच्या दारात म्हार पानी मागाय आला की आमी वरनं ओतायचो, भांड्याला भांडं लागू न देता. म्हटलं, ही बाई मला तसंच करती. मी काळा, म्हून. दोन दीस जेवलो न्हाई. भिताडाकडं तोंड करून पडलो. आयुष्यात पैल्यांदा मला कळलं, आमच्या दारातल्या मानसाला काय वाटत आसंल.

"तिसऱ्या दिशी तिनं मला धरून शेजारच्या खोलीत न्येलं. तितं तिचा नातू. सात-आठ वर्साचा. खोकत व्हता. त्याच्या उशाशी वाडगं. निळ्या काठाचं. तिच्या रक्ताच्या पोराचं. ती काय बोलली मला कळलं न्हाई. पर वाडगं दिसलं. मी बसून रडलो आन् मंग दूद प्यालो."

मग ते माझ्याकडे वळले. "तुमी माज्यावर लिवलंत, तवा राग न्हाई आला मला. येगळा कप बगून ज्याच्या डोक्यात तिडीक जाती आसा मानूस हिकडं कुटं घावतो? म्या सोता जलमभर बगितलं, तिडीक न्हाई गेली. फ्रान्सला जावं लागलं."

मला चार चपराका बसल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पत्रकवाल्याला एकच शिकवण असते, खरं असेल ते छाप. ती मी पहिल्यांदा मोडली. तिसऱ्या दिवशी चार ओळी छापल्या. त्यात लिहिलं, आबांवर आम्ही केलेला आरोप खोटा आहे, चूक माझी आहे, कारण सांगणार नाही. खाली माझं नाव. मंडळानं मला बोलावून कारण विचारलं. मी सांगितलं नाही. एक जण म्हणाला, "भज्यांना विकला गेलास." मला मंडळातून काढलं. आठ दिवस आबांवर जे बोललं गेलं, ते पुढे वर्षभर माझ्यावर बोललं गेलं. मी तक्रार करत नाही. आठ दिवस ते कसं वाटलं असेल, हे कळायला मला वर्ष लागलं. धोंडिबानं मात्र आपल्या गँगच्या सगळ्यांना आबांच्या बाकावर नेऊन बसवलं, कारण न विचारता. हळूहळू इंजिनवालेही परतले.

मग हे युद्ध आलं, चळवळ आली, मी तुरुंगात गेलो. सुटलो तेव्हा अंगात बारीक ताप होता आणि खोकला थांबत नव्हता. तळेगावला घरी गेलो. वहिनींनी माझं ताट ओसरीवर मांडलं. त्यांचं तरी काय चुकलं, घरात दोन लहान मुलं. पण ते ताट पाहून जे वाटायचं ते वाटलंच. संध्याकाळची गाडी धरून लोणावळ्याला उतरलो. हॉटेलात दुसरं कुणी नव्हतं. आबा आता वाकले होते. गल्ल्यामागून मान वर न करता त्यांनी विचारलं, "कुटल्या गाडीनं आलात?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि खोकला आला. आबांनी वर पाहिलं. ओळखलं. मागे वळून मावशींना काहीतरी खूण केली. मावशी अंगणातून आल्या, आणि त्यांनी माझ्यासमोर चहा ठेवला. निळ्या काठाच्या कपात. पदरानं डोळे टिपून त्या म्हणाल्या, "जिना ठावं हाये तुला. फडकं आनलंय का?"

त्या कपानं मला जेवढं बरं वाटलं तेवढं पुढे कुठल्या औषधानं वाटलं नाही. सहा महिने वर राहिलो, त्याच खिडकीशी. दूध, अंडी, आंबेमोहराचा मऊ भात. दुपारी आबा जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून खालच्या गाड्या आवाजावरून ओळखायचे आणि मला सांगायचे. मग एका सकाळी डॉक्टरांनी छाती तपासून मान डोलावली. आबांनी मला हाताला धरून खाली नेलं, मधल्या बाकावर, सगळ्यांच्यात बसवलं. आणि पांढरा कप आणून ठेवला. कुणाला काही कळलं नाही. धोंडिबा शेजारीच बसला होता. तो म्हणाला, "भाऊ, च्या निवतोय."

आबा गेल्या माघात गेले. शेवटचे दिवस बेडशाला होते. मी आणि धोंडिबा सकाळीच चालत पोचलो. अंगणात भावकी जमली होती. आम्ही दोघं खांदा द्यायला पुढे झालो, तेव्हा एका म्हाताऱ्यानं हात आडवा केला आणि धोंडिबाकडे बघत विचारलं, "तुमी कोन म्हनायचं?"

मी बोलणार होतो. पत्रकवाल्याच्या जिभेवर असली वाक्यं तयारच असतात. पण त्याआधी उंबऱ्यातून मावशींचा आवाज आला. रडून बसलेला, पण सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असा.

"कुटल्या गाडीनं आले त्ये इचारा. ह्यांच्या दारात दुसरं कायबी इचारायचं न्हाई."

म्हाताऱ्यानं हात खाली घेतला. पुढची बाजू धोंडिबानं धरली, मागची मी.

खंडाळ्याहून बऱ्या होऊन गेलेल्या त्या मास्तरीणबाई आता कोकणात शिकवतात. आबा गेल्याचं आणि वरच्या खाटा रिकाम्या झाल्याचं मी त्यांना कळवलं, आणि विचारलं, आता छापू का? त्यांचं उत्तर आलं, "छापा. आता सामान बांधायचं नाही कुणाला." म्हणून छापलं. नाव नीट लिहिलं आहे, ओतेलिए. लोक चुकतात.